डावीकडची तीन बटणं

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. 'घोडनदीला चाललोय' म्हणजे बाजार, दवाखाना, कोर्ट, नाहीतर खताची गोणी. २०१० च्या पावसाळ्यात आमच्या घरात या कामांत आणखी एकाची भर पडली. चुलीपुढं बसलेल्या आईला ताई म्हणाली, "रविवारी घोडनदीला जायचंय. कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचाय."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "जा. पर बारक्याला संगं ने."

बारक्या म्हणजे मी. मी आठवीत, ताई बारावीत. कॉलेजला ती रोज एसटीनं एकटीच शिरूरला जायची, त्याला कुणाची ना नव्हती. पण नेट कॅफेत पोरीनं एकटीनं बसायचं नाही, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. न्हावऱ्याच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा नेट कॅफे म्हटलं की बाप्ये माणसं गालात हसायची आणि बायका विषय बदलायच्या. तेव्हा माझी नेमणूक राखणदार म्हणून झाली. पगार एक वडापाव.

कॅफे स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर होता. खाली युरियाचा आणि औषधांचा वास, वर सहा कॉम्प्युटर. प्लायवूडचे कप्पे, कप्प्यांना पडदे, आत एकेक खुर्ची. तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला दहा. पाच मिनिटांत उठलात तरी दहा द्यायचेच. ताईचा फॉर्म पंधरा मिनिटांत व्हायचा. उरलेली पंधरा मिनिटं टाकून उठायचं म्हणजे ताटात भाकरी टाकून उठण्यासारखं. आमच्या घरात दोन्हीची सवय नव्हती. मी मालकाकडून एक स्टूल मागून आणलं, ताईच्या खुर्चीला चिकटवलं आणि शेजारच्या कप्प्यातली पोरं काय खेळतात ते वाकून बघितलं.

पुढं दोनेक वर्षं आमचं ते ठरूनच गेलं. आधी काम, मग उरलेल्या वेळात 'आग-पाणी'.

खेळाचं खरं नाव 'फायरबॉय अँड वॉटरगर्ल'. ओस्लो अल्बेट नावाच्या माणसानं २००९ साली काढलेला. गुगलवर लिहिता येईना म्हणून आम्ही आग-पाणी म्हणायचो. एका जंगलातल्या देवळात एक लाल पोरगा आणि एक निळी पोरगी अडकलेली असतात. पोरगा आगीतून खुशाल चालतो, पाण्यात पाय पडला की संपला. पोरीचं उलटं. हिरवा चिखल दोघांनाही मारतो. वाटेत कळी फिरवायच्या, बटणावर उभं राहायचं, म्हणजे कुठंतरी लांब एक फळी वर जाते आणि दुसऱ्याला वाट होते. शेवटी दोन दारं असतात, एक त्याचं, एक तिचं. दोघं आपापल्या दारात उभे राहिले तरच पुढचा टप्पा उघडतो. एकटाच पोचला तर काही होत नाही. आणि एक मेला की दोघांनाही पहिल्यापासून.

पोऱ्याला चालवायला कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातली बाणांची बटणं, पोरीला डाव्या बाजूची डब्ल्यू, ए आणि डी. मी पहिल्याच दिवशी बाण पकडले. बाणांवर चित्र असतं, कुठं जायचं ते दिसतं. इंग्रजी अक्षरांचं काय दिसतंय? ताई काही बोलली नाही. ती स्टँडजवळच्या टायपिंग क्लासला जायची, डोळे मिटून ए-एस-डी-एफ मारायची. डावी बाजू तिच्या हाताखालचीच होती. निदान मी तेव्हा तसं धरून चाललो.

एका यंत्रावर दोघांनी खेळायचं हे काही आमच्या गरिबीनं शोधलेलं नाही. कॉम्प्युटरवरचे सुरुवातीचे बरेच गाजलेले खेळ दोघांसाठीच होते. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी एका छोट्या गोल पडद्यावर टेनिस मांडला. तो बघायला आलेल्या लोकांनी दोघं-दोघं मिळून खेळायचा होता. १९६२ साली एमआयटीतल्या पोरांनी 'स्पेसवॉर' केला. दोन याने, दोन खेळाडू, आणि पीडीपी-१ हा कपाटाएवढा संगणक. सुरुवातीला दोघंही त्या यंत्राच्याच अंगावरच्या खिट्ट्या वरखाली करून खेळायचे. त्यात कोपरं दुखायची. शिवाय खिट्ट्या पडद्याच्या एका बाजूला असल्यामुळं जो पडद्याजवळ बसेल त्याला नीट दिसायचं आणि दुसरा तोट्यात. हे भांडण मिटवायला ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी प्रत्येकाच्या हातात देता येतील अशा वेगळ्या पेट्या बनवल्या. म्हणजे 'तू सरक की जरा' ही तक्रार आमच्या कॅफेपेक्षा पन्नास वर्षांनी जुनी. १९७२ साली अटारीचा 'पाँग' आला, तोही दोघांचाच. समोरचा गडी माणूसच लागायचा, यंत्राला तेवढी अक्कल अजून आलेली नव्हती.

आमच्याकडं हातात धरायच्या त्या पेट्या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमबरोबर आल्या. सुट्टीत एखाद्या पाहुण्याच्या घरी 'काँट्रा' खेळायला मिळायचा. दोन रिमोट, दोन गडी. पण कॉम्प्युटरबरोबर कीबोर्ड एकच मिळतो. तेव्हा कॅफेतल्या मोठ्या पोरांनी 'मुस्तफा' नावाने खेळलेला गेम असो (तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', मुस्तफा त्यातल्या एका गड्याचं नाव), की नंतर ब्राउझरमध्ये उघडणारे छोटे खेळ असोत, सगळ्यांनी एकाच फळीची वाटणी केली. डावीकडची बटणं एकाची, उजवीकडची दुसऱ्याची. 'टँक ट्रबल'मध्ये तर तिसराही बसायचा, त्याच्या वाट्याला माऊस. लंडनच्या नायट्रोम कंपनीचा २०१० चा 'बॅड आईस्क्रीम' आम्ही खूप खेळलो. बर्फाच्या भिंती घालायच्या, फोडायच्या आणि फळं गोळा करायची.

आमच्या आजीला हे सगळं मी एकदा हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्यात काय नवं? जात्याला खुटा एकच आस्तोय की." खरं होतं. आमच्या पडवीतल्या जात्याला एकच खुंटा होता आणि सणाच्या दळणाला आजी आणि चुलत आजी दोघी समोरासमोर बसून तोच खुंटा धरायच्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं, मग पहिलीनं सैल सोडायचं. दोघींनी एकदम ओढलं तर जातं जागचं हलत नाही. आजीनं हे शेवटचं वाक्य मुद्दाम सांगितलं होतं की बोलण्याच्या भरात, कोण जाणे. मला त्याचा अर्थ लागायला सहा वर्षं जायची होती.

हे खेळ आमच्यापर्यंत पोचले त्याचं श्रेय फ्लॅशला. १९९६ साली 'फ्यूचरस्प्लॅश' नावाचं एक चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर निघालं, ते मॅक्रोमीडिया कंपनीनं विकत घेऊन त्याचं फ्लॅश केलं. पुढं २००५ मध्ये ती कंपनीच अडोबीच्या पदरात गेली. फ्लॅशची युक्ती अशी की चित्र ठिपक्याठिपक्यानं साठवायचं नाही, तर रेघ कुठून कुठवर आणि रंग कोणता एवढंच लिहून ठेवायचं. त्यामुळं अख्खा खेळ दोन-चार एमबीत मावायचा. आपल्या सरकारनं २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची पायरीच मुळी २५६ केबीपीएसची ठरवली होती, आणि ती एक लाईन सहा कॉम्प्युटरना वाटून मिळायची. त्यात हेच खेळ निभायचे. पांढरी पट्टी हळूहळू भरत जायची, आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसायचो. एकदा भरली की मग नेट गेलं तरी खेळ चालू.

लाईट गेल्यावर मात्र तसं नव्हतं. भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होतं, तरी ठरल्या वेळेच्या बाहेरही जायची ती जायचीच. मग सहाही कप्प्यांतले यूपीएस एकदम कुंईकुंई करायला लागायचे. पाचेक मिनिटं हातात. मालक ओरडायचा, "सेव्ह करा, सेव्ह करा!" ज्यांचे फॉर्म चालू असायचे त्यांचे चेहरे पडायचे. आम्ही मात्र त्या अंधाऱ्या माडीवर, पडद्याच्या उजेडात, यूपीएस मरायच्या आत दोघांना दारात पोचवायला झटत असायचो. माझ्या आठवणीत ताई सगळ्यात मोठ्यानं हसलेली तिथंच. घरी ती असं हसायची नाही.

एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नवे नियम निघाले. मालकानं एका रविवारी पडदे काढले, प्लायवूड वरून कापलं. कप्प्याची उंची साडेचार फुटांच्या वर नको, ओळखपत्र बघा, वहीत नाव-पत्ता-वेळ लिहा, वही वर्षभर ठेवा. आणि ओळखपत्र नसलेलं अल्पवयीन पोर असेल तर सोबत मोठं माणूस हवं. शाळेचं ओळखपत्र माझ्याकडं कुठलं? ताईला नुकतं अठरावं सरलेलं. म्हणजे आईच्या हिशेबानं ताईला राखायला मी, आणि सरकारच्या हिशेबानं मला राखायला ताई. वहीत सही ताईच करायची.

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो ते.

आग-पाण्यात ताई फार मरायची. मी लाल पोऱ्याला घेऊन टणाटण पुढं जायचो, आणि नेमकी उडी मारायच्या वेळी तिची निळी पोरगी जागची हलायची नाही. मग आगीत. मग पहिल्यापासून. मी करवादायचो. "आगं दाब की! झोपलीस का?" ती म्हणायची, "दाबलंय रं, उठतच नाही." मी म्हणायचो, "माझं कसं उठतंय मग?" याला तिच्याकडं उत्तर नसायचं. मी मालकाला बोलावून कीबोर्ड बदलूनसुद्धा घेतला एकदा. तरी तेच. म्हणजे चूक ताईचीच, असा निकाल मी तेराव्या वर्षी दिला आणि तो बरीच वर्षं कायम ठेवला. पोरींना गेम जमत नाहीत, हे शेजारच्या कप्प्यातली पोरंही म्हणायची. मी ताईच्या बाजूनं कधी बोललो नाही.

पुढं पुढं ती मरायची कमी झाली. उडीच्या जागी जरा थांबायची, मग मारायची. मला वाटलं, माझ्यामुळं शिकली.

२०११ च्या बारावीच्या निकालाची प्रिंट आम्ही त्याच कॅफेत काढली. ७८ टक्के. तिला पुण्याला बीसीएस करायचं होतं. फीचा आणि होस्टेलचा आकडा तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. तिनं तो अण्णांना दाखवला तेव्हा मी उंबऱ्यात बसलो होतो. उसाचं बिल यायचं होतं, सोसायटीचं कर्ज होतं. अण्णा वाईट माणूस नव्हते. ते बराच वेळ वहीकडं बघत राहिले, मग म्हणाले, "एकाचंच व्हईल गं. बारक्याचं आजून सगळंच व्हायचंय."

ताई आत गेली. मी उंबऱ्यातून उठलोसुद्धा नाही.

मग तिनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून बीए केलं, आणि शिरूरला एमएस-सीआयटी. हा कोर्स २००१ पासून एमकेसीएलनं गावोगाव नेलेला, सरकारी नोकरीला लागणारा. तिथं एका कॉम्प्युटरवर दोन पोरी बसायच्या. ताईचा कीबोर्ड, दुसरीचा माऊस, मग उलट. तिला पैकीच्या पैकी नाही, पण जवळपास तेवढे मार्क पडले. त्या सर्टिफिकेटला आईनं प्लास्टिकचं कव्हर घातलं.

बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी त्याच्या काही वर्षं आधीच एक साधीच गोष्ट टिपून ठेवली होती, ती मला अलीकडं वाचायला मिळाली. उदय सिंग पवार, जोयोजीत पाल आणि केंटारो टोयामा हे तिघं खेड्यांतल्या शाळांत बघत होते. एका कॉम्प्युटरभोवती पोरांचा घोळका, आणि माऊस कायम एकाच्याच हातात. बाकीची नुसती बघणारी. त्यांनी २००६ मध्ये त्यावर उपाय म्हणून एकाच कॉम्प्युटरला अनेक माऊस जोडले, प्रत्येक पोराचा बाण वेगळ्या रंगाचा. वाचताना मला आमच्या शाळेची लॅब आठवली. माऊस कुणाच्या हातात असायचा तेही आठवलं.

२०१२-१३ चा दुष्काळ शिरूर-दौंडकडच्या माणसांना सांगायला नको. ऊस जळाला, जनावरांना छावणी. त्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं, थोडक्यात उरकलं. सासर दौंडला, दाजी रेल्वेत.

दौंड हे आमच्या शिरूरपेक्षा वेगळंच प्रकरण. शिरूर हे पुणे-नगर रस्त्यावरचं गाव, सगळा खेळ एसटीचा आणि ट्रकचा. दौंड रेल्वेचं. मुंबई-सोलापूरची मोठी लाईन, तिला इथून मनमाडचा आणि बारामतीचा फाटा. रेल्वेची माणसं, राज्य राखीव दलाची माणसं, त्यामुळं बाजारात हिंदी, तेलुगू, काय वाटेल ते ऐकू यायचं. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला काढून मागच्या टोकाला लावायचे. गाडी थांबायची, लोक फलाटावर उतरून चहा प्यायचे, आणि गाडी निघाली की मघाशी तोंड पुढं करून बसलेला माणूस उलटा जायला लागायचा. ताईच्या क्वार्टरमधून ते इंजिनाचं जाणं-येणं रात्रभर ऐकू यायचं.

दिवाळीत आणि मे महिन्यात मी तिच्याकडं जायचो. न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, मग पुढं दौंड. दाजींनी जुना कॉम्प्युटर घेतला होता, डोंगलवर नेट. दुपारी सासूबाई पडल्या की ताई आवाज शून्यावर आणायची आणि आम्ही आग-पाणी लावायचो. ती बटणं इतकी हळू दाबायची की टकटक होऊ नये. एकदा सासूबाई उठून आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, तू अजून ल्हान हायेस व्हय?" रागानं नव्हत्या म्हणाल्या. पण त्यानंतर ताई म्हणायची, "तूच खेळ, मी बघते." पुढच्या वर्षी भाची झाली आणि ते बघणंही संपलं.

मी पुण्याला बीसीएसला गेलो. वहीच्या मागच्या पानावरचा तोच कोर्स. दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला सरांनी एक जुना कीबोर्ड उघडून टेबलावर ठेवला.

आत शंभर बटणांना शंभर वायरी नसतात. काही आडव्या पट्ट्या आणि काही उभ्या पट्ट्या असतात, शेतातल्या पाटांसारख्या. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी पट्टी एकमेकींना टेकते. आतली चिप एकेका आडव्या पट्टीत वीज सोडते आणि कुठल्या उभ्या पट्टीतून ती बाहेर आली ते बघते. एक बटण दाबा, ठीक. दोन दाबा, ठीक. पण चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर पाणी फिरून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातही पोचतं. ज्यानं दारं धरलीत त्याला समजेल. तीन ठिकाणी बारं फोडलं की चौथा वाफा आपोआप भिजतो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं तिथंही कुणीतरी फोडलंय. चिपला खरं-खोटं कळत नाही. म्हणून स्वस्त कीबोर्डात अशी सोय करतात की असं तिसरं बटण आलं तर ते मानायचंच नाही. जी दोन आधी दाबलेली आहेत ती चालू. नंतर दाबलं ते मेलं. महागड्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला एक डायोड लावतात, तो पाणी उलटं जाऊ देत नाही, मग कितीही बटणं दाबा.

सर पुढच्या मुद्द्यावर गेले. मी तिथंच राहिलो.

मला खेळताना सवय होती ती बटणं दाबून धरायची. पोऱ्या भिंतीला टेकलाय, पुढं जाणं शक्य नाही, तरी माझा उजवा बाण दाबलेला. वर उडी मारायचं काही कारण नाही, तरी वरचा बाण दाबलेला. दोन बटणं माझी, कायमची. ताईनं डब्ल्यू दाबायचं ते तिसरं.

म्हणजे ती दाबत होती.

मी तिला फोन करून हे सांगितलं का? नाही. काय सांगणार होतो? शिवाय त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं, आणि बघता बघता सगळ्यांचं सगळंच बदललं. पोरं गावातल्या पारावर बसून आपापल्या फोनमध्ये खेळायला लागली, एकाच गेममध्ये पण चार फोनवर. शिरूरच्या त्या माडीवर आता झेरॉक्स आणि दाखले निघतात. कॉम्प्युटर दोन उरलेत, दोन्ही मालकाच्या बाजूला तोंड करून. फ्लॅशलाही लोक कंटाळले होते. ते कॉम्प्युटरला जड जातं, त्यातून व्हायरस शिरतात, ही तक्रार जुनीच. २०१० साली ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनवर ते का नको याचं जाहीर पत्रच लिहिलं होतं. जुलै २०१७ मध्ये अडोबीनं सांगून टाकलं की २०२० च्या शेवटी बंद.

तीन वर्षं मी ती तारीख डोक्यात ठेवली होती. २०२० ची भाऊबीज १६ नोव्हेंबरला आली. लॉकडाऊनमुळं दौंडला जाऊन आठ महिने झाले होते. मी मोटारसायकलवर निघालो, पाठीवर बॅगेत जुना लॅपटॉप. पारगावच्या पुलावर जरा थांबलो, भीमेला त्या वर्षी पाणी चांगलं होतं.

ओवाळून झालं, जेवणं झाली. दाजी ड्युटीवर गेले. मी लॅपटॉप काढला. खेळ उघडला तर वर पट्टी आली, डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश चालणार नाही. ताईनं ती वाचली आणि म्हणाली, "अजून आहे होय हे?" पदर खोचला, खुर्ची ओढली आणि न विचारता डावीकडं बसली.

पहिलाच टप्पा. चार वर्षं मी हाताला वळण लावलेलं, काम नसेल तर बोट उचलायचं. तरी पाचव्या मिनिटाला मी दोन्ही बाण दाबून बसलो होतो आणि माझ्या ते लक्षात आलं तेव्हा ताईची पोरगी आगीच्या काठावर थांबलेली होती. उडी न मारता. ताई माझ्या बोटांकडं बघत होती, पडद्याकडं नाही.

मी बोटं उचलली. तिनं उडी मारली आणि पार गेली.

मग मी सांगितलं. कीबोर्डच्या आत काय असतं, तिसरं बटण कसं मरतं, सगळं, कागदावर चौकोन काढून. ती ऐकत होती. मला वाटलं तिला नवल वाटेल.

ती म्हणाली, "आत काय आस्तं ते न्हवतं म्हाईत. पर तू दाबून धरलंस की माझं उठत न्हाय, हे मला घोडनदीलाच कळलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोल्ले की. पयल्यांदा बोल्ले. तू म्हणलास, माझं कसं उठतंय." तिनं खांदे उडवले. "मग म्हणलं, तू सोडस्तवर थांबावं. आन् मग मारावी."

मी काही बोललो नाही. भाची मांडीवर चढून कीबोर्डवर हात मारत होती, तिला आवरण्यात ताईचं लक्ष गेलं. संध्याकाळपर्यंत आम्ही देवळातले बरेच टप्पे काढले, शेवटचे चार राहिले. अंधार पडायच्या आत निघायचं होतं. लॅपटॉप मी तिथंच ठेवला. पोरीची शाळा ऑनलाईन होती आणि घरात फोन एकच, तोही दाजींबरोबर ड्युटीवर.

१२ जानेवारी २०२१ पासून अडोबीनं फ्लॅशचे खेळ उघडणंच बंद केलं. दोन-तीन दिवसांनी ताईचा फोन आला. आग-पाणी उघडत होतं, कारण ते तोवर नव्या पद्धतीनं बांधून घेतलेलं होतं. 'बॅड आईस्क्रीम'ची आमची जुनी पानं मात्र कोरी. मी तिला सांगितलं की असे हजारो खेळ काही हौशी लोकांनी 'फ्लॅशपॉइंट' नावाखाली जपून ठेवलेत, इंटरनेट आर्काइव्हवरही ठेवलेत, पुढच्या खेपेला आलो की लावून देतो. ती हूं हूं करत होती. मागं एक गाडी शिट्टी मारत होती.

मग म्हणाली, "ते राहू दे. येताना एक कीबोर्ड आण वेगळा. पिल्लू माझ्यासंगं बसती आता, आन् बोटं काय उचलत न्हाय. तू म्हणलास ना, ते डायोडचं, तसला. म्हाग आसंल तर मी पैसं देते."

आठशेला मिळाला. पैसे तिनं दिलेच.